फूटपाथ मध्येच का संपतो?

प्रश्न : मी नालासोपारा पूर्वेला राहते आणि रोज स्टेशनपर्यंत चालत जाते. वाटेत फूटपाथ सुरू होतो, शंभर-दीडशे पावलांवर एकाएकी संपतो आणि पुढे कुठेतरी पुन्हा उगवतो. कुठे तो गुडघ्याएवढा उंच, तर कुठे रस्त्याच्याच पातळीला. कुठे चेंबरचे झाकण फुटलेले, कुठे मधोमध विजेची डीपी. फूटपाथ बांधायचाच होता तर सलग का बांधला नाही? तो किती रुंद, किती उंच असावा याचा काही नियम असतो का? आणि हे सुधारायचे तर सुरुवात कुठून करायची?
– एक वाचक, नालासोपारा (पूर्व)

उत्तर : थोडक्यात सांगायचे तर वसई-विरारमधले बरेचसे फूटपाथ चालणाऱ्यांसाठी आखलेलेच नाहीत. ती पावसाळी गटारांची झाकणे आहेत. गटार जिथवर बांधले तिथवर झाकण आणि झाकण जिथवर तिथवर फूटपाथ. गटार वळले, अर्धवट राहिले किंवा उघड्या नाल्याला मिळाले की फूटपाथही संपतो. पण एवढ्यानेच उत्तर पूर्ण होत नाही. आणखी काही कारणे शहराच्या घडणीतच आहेत. ती कळली की दुरुस्ती कुठून सुरू करायची तेही कळते.

तुकड्यांतून जुळलेले शहर

वसई-विरार शहर महानगरपालिका 3 जुलै 2009 रोजी अस्तित्वात आली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि 53 ग्रामपंचायती एकत्र करून ती झाली. त्याआधी 1990 पासून या भागाचे नियोजन सिडकोकडे होते आणि 2001 ते 2021 या काळासाठीचा विकास आराखडाही सिडकोने तयार केला. म्हणजे आराखडा एका संस्थेचा, रस्ते बांधणारी नगरपालिका दुसरी आणि शेजारची ग्रामपंचायत तिसरी, असा बराच काळ गेला. आजही परिस्थिती फार सोपी नाही. काही रस्ते पालिकेचे आहेत, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे. स्टेशनाबाहेरची काही जागा रेल्वेची, तर पूर्वेकडचा मुंबई-अहमदाबाद महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. चालणारा माणूस एकाच वाटेने जात असतो, पण त्या वाटेचे धनी तीन-चार असतात. हद्द बदलली की कंत्राट बदलते आणि कंत्राट संपले की फूटपाथही संपतो.

पश्चिमेकडच्या गावांची गोष्ट वेगळी आहे. आगाशी, निर्मळ, भुईगाव, गास, सांडोर या पट्ट्यातले जुने रस्ते वाड्यांच्या कुंपणांमधून गेलेले आहेत. ते पायी चालणाऱ्यांसाठी आणि बैलगाडीसाठी पडलेले रस्ते. तिथे आज दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावे लागते, मग फूटपाथाला जागा कुठली असणार? पूर्वेकडे याच्या उलट घडले. नालासोपारा आणि विरारच्या पूर्व भागात लोकवस्ती आराखड्याच्या पुढे धावली. सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवलेल्या जागांवरही इमारती उभ्या राहिल्या. नालासोपाऱ्यात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित असलेल्या जागेवरच्या 41 इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर पाडाव्या लागल्या आणि हजारो कुटुंबे बेघर झाली. जिथे एवढी मोठी आरक्षणे टिकली नाहीत, तिथे रस्त्याकडेची दोन मीटरची पट्टी कोण राखणार?

एका इमारतीपुढे फूटपाथ, दुसरीपुढे भिंत

तुमच्या ‘एकाएकी संपतो’ या शब्दांमागचे सर्वांत नेमके कारण हे आहे. विकास आराखड्यात एखाद्या रस्त्याची रुंदी ठरते, समजा 18 मीटर. पण ती सगळी जागा लगेच पालिकेच्या ताब्यात येत नाही. एखाद्या भूखंडावर नवी इमारत होते किंवा जुनीचा पुनर्विकास होतो, तेव्हा मालक रस्त्याकडची पट्टी पालिकेला देतो आणि मोबदल्यात त्याला वाढीव चटईक्षेत्र किंवा टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, मिळतो. त्या पट्टीवर गटार होते, लाद्या बसतात, पेव्हर ब्लॉक लागतात. शेजारची जुनी इमारत मात्र तशीच असते आणि तिची कुंपणभिंत जुन्याच रेषेवर असते. फूटपाथ त्या भिंतीवर जाऊन आदळतो. पुढची इमारत नवी असेल तर तो पुन्हा सुरू होतो.

पुनर्विकासाची वाट पाहत बसलो तर असा फूटपाथ सलग व्हायला पिढी जाईल. त्यावर उपाय आहे. भिंतीमुळे जिथे जागा अडली आहे तिथे फूटपाथ डांबरी रस्त्याच्या बाजूला सरकवायचा आणि तेवढ्या लांबीत वाहनांची जागा कमी करायची. बहुतेक ठिकाणी ती जागा धावत्या वाहनांनी नव्हे, उभ्या वाहनांनी अडवलेली असते. म्हणजे जागा नाही असे नसते. ती कोणाला द्यायची हे ठरवलेले नसते.

उंची कमी-जास्त का?

इथे गटाराचा मुद्दा पुन्हा येतो. वसई-विरारचा बराच भाग सखल आहे. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. डोंगरावरून उतरणारे पाणी रेल्वेमार्ग ओलांडून खाडीकडे जायला बघते आणि भरतीच्या वेळी तुंबते. जुलै 2018 मध्ये शहर कित्येक दिवस पाण्यात होते, लोकलगाड्या बंद होत्या आणि मिठागरांमध्ये अडकलेल्या लोकांना बाहेर काढावे लागले. तेव्हापासून प्रत्येक नवी इमारत जोते उंच घेते, प्रत्येक नवे गटार उंच होते आणि त्यावरचा फूटपाथही उंच होतो. शेजारचे जुने गटार खालीच राहते. मधल्या पायरीला कोणी वाली नसतो.

दुसरे कारण सोसायट्यांच्या फाटकांचे. गाडी आत जावी म्हणून फूटपाथ तोडून उतार केला जातो. एका रस्त्यावर वीस फाटके असतील तर चालणाऱ्याने वीस वेळा उतरायचे आणि वीस वेळा चढायचे. ज्यांचे गुडघे दुखतात ते हे करत नाहीत, ते सरळ रस्त्यावर उतरून चालतात. मग ‘फूटपाथ असूनही लोक वापरत नाहीत’ असे म्हटले जाते. हा आरोप चुकीचा आहे. माणसे सोपी वाट धरतात. फूटपाथ सोपा केला तर ती फूटपाथ धरतील.

फुटक्या झाकणाचा प्रश्न तर जीवनमरणाचा आहे. ऑगस्ट 2017 च्या अतिवृष्टीत मुंबईत एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. पाणी साचलेल्या रस्त्यावर झाकण कुठे आहे आणि कुठे नाही, हे कोणालाच दिसत नाही. जे शहर दर पावसाळ्यात तुंबते, तिथे गटार आणि फूटपाथ ही दोन खात्यांची दोन कामे असूच शकत नाहीत. पाणी कसे वाहील आणि माणूस कसा चालेल, हे एकाच नकाशावर ठरले पाहिजे.

नियम आहेत का?

आहेत, आणि स्पष्ट आहेत. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानके ठरवणारी देशातली संस्था. तिची ‘आयआरसी 103’ ही मार्गदर्शक तत्त्वे केवळ पादचाऱ्यांच्या सोयींविषयी आहेत. त्यांनुसार निवासी भागात चालण्याची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर, म्हणजे साधारण सहा फूट हवी. दोन व्हीलचेअर एकमेकींशेजारून जाऊ शकतील, हा त्यामागचा हिशेब. बाजारपेठेत हीच रुंदी किमान 2.5 मीटर. रस्त्यापासून उंची 150 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा जास्त नको. डोक्यावर किमान 2.2 मीटर मोकळे हवे, म्हणजे फांदी, पाटी किंवा दुकानाचा पत्रा लागणार नाही. उतार 1:12 पेक्षा तीव्र नको.

यातला ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. फूटपाथ तीन पट्ट्यांचा मानायचा. दुकानाच्या किंवा कुंपणाच्या लगतची एक पट्टी, मधली चालण्याची आणि रस्त्याच्या कडेची झाडे, दिव्याचे खांब, बाक, डीपी यांची. मधल्या पट्टीत काहीही उभे करायचे नाही. तुमच्या वाटेवरची डीपी मधोमध आहे, कारण तिथे या पट्ट्या कधी आखल्याच गेल्या नाहीत. जी जागा दिसली तिथे जो आला त्याने आपला खांब रोवला.

कायद्याची बाजूही भक्कम आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 नुसार सार्वजनिक रस्ते बांधणे, राखणे आणि सुधारणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. जमेल तेव्हा करायचे हे काम नव्हे. दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 ने सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येण्याजोग्या करणे बंधनकारक केले. आणि 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, अडथळामुक्त आणि दिव्यांगांना वापरता येईल असा फूटपाथ मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. राज्यांनी पादचाऱ्यांसाठी धोरण आखावे, असा आदेशही दिला. त्यामुळे पालिकेकडे फूटपाथ मागताना आपण उपकार मागत नाही, हे मनाशी पक्के असू द्या.

आणि हा हक्क का लागतो? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशातल्या रस्ते अपघातांत 32,825 पादचारी मरण पावले. एकूण बळींपैकी जवळजवळ प्रत्येक पाचवा माणूस पायी चालणारा होता. त्याच्याकडे ना हेल्मेट असते, ना एअरबॅग. त्याचे संरक्षण एकच, ते म्हणजे वाहनांपासून वेगळी आणि थोडी उंच अशी चालायची जागा.

पूर्व आणि पश्चिम

तुम्ही हे विचारलेले नाही, पण वसई-विरारमध्ये चालण्याची गोष्ट रेल्वेशिवाय पुरी होत नाही. विरारहून मुंबईला गाडी 1867 मध्ये सुरू झाली. शहर त्या रुळांच्या दोन्ही बाजूंनी वाढले आणि त्याच रुळांनी त्याचे दोन भाग झाले. नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार या चारही ठिकाणी शाळा, दवाखाना, बाजार, सरकारी कचेरी यांपैकी काही ना काही नेहमीच पलीकडे असते. वाहनांसाठी उड्डाणपूल होतात, ते लांबचा वळसा घालून जातात आणि पायी माणसाला तो वळसा परवडत नाही. फलाटांना जोडलेला रेल्वेचा पूल प्रवाशांसाठी असतो. ज्याला गाडी पकडायची नाही, फक्त पलीकडे जायचे आहे, त्याने नियमाप्रमाणे फलाट तिकीट काढायला हवे. मग रूळ ओलांडले जातात. रेल्वे अधिनियमाच्या कलम 147 नुसार हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरी माणसे जीव धोक्यात घालतात. नुसत्या दंडाने ती थांबणार नाहीत. जिथे लोक रूळ ओलांडतात तिथेच सार्वजनिक पूल किंवा भुयारी मार्ग दिला, त्याला सरकता जिना किंवा लिफ्ट दिली आणि दोन्ही टोकांना तो फूटपाथाला जोडला, तरच ती थांबतील.

मग स्कायवॉक का नकोत, असे कोणी विचारेल. 2008 मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक सुरू झाल्यावर एमएमआरडीएने मुंबई महानगरात असे अनेक पूल बांधले. गर्दीच्या स्टेशनातून वरच्या वर बाहेर पडायला त्यांचा उपयोग होतो. पण स्कायवॉक फूटपाथाची जागा घेऊ शकत नाही. भाजीची पिशवी घेऊन दोन मजले चढायचे, शंभर पावले चालायचे आणि पुन्हा दोन मजले उतरायचे, हे रोजचे चालणे नव्हे. वसईच्या वाड्यांतून भाजी आणि फुले घेऊन लोकलने मुंबईला जाणाऱ्या बायकांना विचारा. त्यांना जमिनीवरचीच सपाट वाट हवी असते.

फेरीवाले हटवले की प्रश्न सुटेल?

सुटणार नाही. फूटपाथ अडवणाऱ्यांत फेरीवाला सर्वांत ठळक दिसतो, पण दुकानांनी पुढे काढलेले ओटे, उभ्या केलेल्या दुचाकी, बांधकामाची रेती, रिक्षांच्या रांगा हेही जागा अडवतात. पथविक्रेता कायदा, 2014 ने यावर रीतसर मार्ग घालून दिला आहे. फेरीवाल्यांचे सर्वेक्षण करायचे, नगर पथविक्रेता समिती नेमायची, तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच घ्यायचे आणि विक्रीच्या जागा आखून द्यायच्या. फूटपाथावर चालण्याची पट्टी आणि विक्रीची पट्टी वेगळी आखली तर दोघांचेही भागते. घरी जाताना पालेभाजी घेणारा माणूस पायीच असतो. तो आणि विक्रेता एकमेकांचे शत्रू नाहीत.

दुसऱ्या कुठल्या शहराने हे केले आहे?

पुण्याने सुरुवात केली आहे. पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि रस्ते कसे आखावेत याची नियमावली तयार केली. जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना झाली. तिथे रुंद आणि सलग फूटपाथ, बसायला जागा, जुन्या झाडांना धक्का न लावता चालण्याची पट्टी असे काम झाले. 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. पुण्यातले सगळे फूटपाथ चांगले आहेत असे नाही, ते कोणी म्हणणारही नाही. पण तिथे धोरण लिहून मंजूर झाले आहे, आणि लिहिलेल्या धोरणावर बोट ठेवून जाब विचारता येतो. वसई-विरारला पहिली गरज अशा लिखित, मंजूर धोरणाची आहे.

सुरुवात कुठून?

पालिकेच्या अंदाजपत्रकात फूटपाथ मीटरमध्ये मोजला जातो. हीच मूळ चूक आहे. एखाद्याने नळाची नऊशे फूट लाइन टाकली आणि मधला दहा फुटांचा पाइप टाकलाच नाही, तर त्या कामाला कोणी जवळजवळ पूर्ण म्हणणार नाही, कारण घरात पाणी येणार नाही. फूटपाथाचेही तसेच आहे. तो लांबीने नव्हे, सलगपणाने मोजला पाहिजे. ‘या वर्षी इतके किलोमीटर’ हे उद्दिष्ट नको. ‘या वर्षी स्टेशन ते अमुक शाळा, मध्ये कुठेही न उतरता’ हे उद्दिष्ट हवे.

म्हणून नव्या लाद्या, रंगीत ब्लॉक आणि शोभेचे दिवे नंतर. आधी चारही स्टेशनांपासून दहा-बारा मिनिटांच्या अंतरातल्या मुख्य वाटा घ्याव्यात आणि त्यांतले तुटलेले सांधे जोडावेत. सोसायटीच्या फाटकापाशी फूटपाथ खाली न आणता गाडीने त्यावर चढून जावे अशी रचना करावी. चौकात झेब्रा पट्टा फूटपाथाच्या समोर यावा, दुभाजकाला खिंड ठेवावी. चेंबरची झाकणे फूटपाथाच्या पातळीत आणि उघडता येतील अशी बसवावीत. नवरात्रात विरार स्टेशनापासून जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायथ्याकडे जो जनसमुदाय पायी जातो, त्या वाटेला तर पहिला मान मिळायला हवा. तेराशेहून अधिक पायऱ्या चढण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांना पायथ्यापर्यंत सुखरूप पोहोचवणे एवढे तरी शहराने करावे.

जिथे रस्ताच सहा-सात मीटरचा आहे, अशा गावठाणांत आणि वाड्यांमधल्या रस्त्यांवर फूटपाथाचा हट्ट धरू नये. तिथे वाहनांचा वेग कमी करावा. रस्ता सुरक्षेविषयीच्या 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने माणसे आणि वाहने एकत्र वावरतात अशा ठिकाणी ताशी 30 किलोमीटरची कमाल मर्यादा सुचवली आहे. त्या वेगात चालकाला थांबायला अवधी मिळतो आणि पायी माणूस वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. रस्ता रुंद करण्यासाठी वाडीतली झाडे तोडण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आहे, आणि हिरव्या वसईला साजेसाही.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्या पत्रात तक्रारीपेक्षा निरीक्षण जास्त आहे, आणि तेच कामाला येते. एक मोजपट्टी घ्या. घर ते स्टेशन या वाटेवर मोकळी रुंदी कुठे 1.8 मीटरपेक्षा कमी आहे, उंची कुठे सहा इंचांपेक्षा जास्त आहे, फूटपाथ कोणत्या इमारतीपाशी तुटतो, हे लिहून छायाचित्रांसह नोंदवा. पालिकेच्या नऊ प्रभाग समित्यांपैकी तुमच्या प्रभागाच्या कार्यालयात ती नोंद लेखी द्या आणि पोच घ्या. माहिती अधिकारात तीन गोष्टी विचारा : हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, विकास आराखड्यात त्याची रुंदी किती आणि गेल्या कंत्राटात फूटपाथाचे काम कुठून कुठपर्यंत होते. उत्तर 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे. पालिकेवर 2020 पासून प्रशासक होते. 15 जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर आता तुमच्या प्रभागाला नगरसेवक आहेत. त्यांच्याकडे नवा फूटपाथ मागू नका. आहे तो फूटपाथ जोडून मागा. सोसायटीच्या सभेत आपल्या फाटकासमोरचा उतार दुरुस्त करण्याचा ठराव मांडा, कारण ते काम आपल्या हातात आहे.

वसई-विरारच्या प्रत्येक वाचकाला हीच विनंती आहे : आपापल्या वाटेवरचा एक तुटलेला सांधा शोधा, लेखी कळवा आणि तो जोडला जाईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.